वाहती वाट

आज चौथ्यांदा ती वाट. परतवाड्यातून सहाला निघालो तेव्हा अंधार होता आणि ब्रेकवरची बोटं गारठून काटक्यांसारखी झाली होती. धामणगाव गढी मागे पडल्यावर डांबरी घाट सोडला आणि गुरांच्या वाटेला लागलो. पहिला दीडेक किलोमीटर मुरमाचा, तो चालवत गेलो. मग मुरूम संपला, गोटे लागले. पुढचं चाक एका गोट्यावरून घसरून दुसऱ्यावर आपटलं आणि उतरलो. सव्वासात झाले होते. इथून वरच्या पठारापर्यंत सायकल मला नेत नाही, मी तिला नेतो.

अचलपूर-परतवाड्याची सपाटी समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास. चिखलदरा अकराशेच्या. मधला सातशे मीटरचा चढ डांबरी रस्ता तीसेक किलोमीटर वळणं घेत घेत चढतो. पायवाटेला तेवढा धीर नसतो.

*

वाटेचं नाव लिहीत नाही. ती गावाची आहे. सकाळी गुरं वर जातात, संध्याकाळी उतरतात, मधे मोळ्या उतरतात, बाजाराच्या दिवशी माणसं. मी वनरक्षकाला विचारून, दिवसाउजेडी, त्यांच्या वेळा सोडून जातो. समोरून कुणी डोक्यावर भार घेऊन आलं तर सायकल बाजूच्या झुडपात घालून मी उभा राहतो. भार घेतलेल्या माणसाला थांबायला लावणं महाग पडतं. थांबण्याला नव्हे, पुन्हा निघण्याला जोर लागतो.

*

डोंगराच्या पायऱ्या मोजल्या. ढोबळ धरल्या तर सात. प्रत्येकीची तऱ्हा तीच: आधी उभा, काळा, घट्ट दगड, त्यावर भुसभुशीत, भोकाभोकांचा, कुठे गेरूसारखा लाल थर, मग थोडी सपाटी, गवत, दोन-चार मोहाची झाडं, पुन्हा उभा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, त्यांचे हे थर. घट्ट दगड झिजत नाही म्हणून भिंत उरते. मऊ थर झिजतो म्हणून ओटा तयार होतो. अशा खडकाला भूगर्भशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. म्हणजे दख्खनच्या या दगडाचं नावच मुळी जिना असं आहे.

सायकलवाल्याच्या हिशेबात याचा अर्थ साधा. ओट्यावर बसायचं, भिंतीला उतरायचं. सात वेळा बसायचं, सात वेळा उतरायचं. पहिल्या खेपेला मी हे मान्य करत नव्हतो. प्रत्येक भिंतीला पाच-दहा मीटर पायडल मारून बघत होतो, मागचं चाक जागच्या जागी फिरून गोटे मागे फेकत होतं, आणि तिसऱ्या पायरीलाच मांड्यांतला जीव संपला होता. आता भिंत दिसली की तिच्या पायथ्याशी पोचायच्या दहा पावलं आधीच उतरतो.

दक्षिणेकडून डोंगर असा एकदम का उठतो, त्याचंही कारण आहे. पायथ्याला लागून जमिनीतली मोठी भेग पूर्व-पश्चिम गेलेली आहे. तिला गाविलगड विभंग म्हणतात. एका अंगाला पूर्णेचं खोरं, काळी माती, कापूस, तूर. दुसऱ्या अंगाला सातपुडा. उत्तरेकडून मेळघाटातून आलं तर डोंगर हळूहळू भेटतो. आपल्या वऱ्हाडाकडून मात्र तो भिंतीसारखा समोर येतो.

*

हिशेब मांडून ठेवतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतं की गिअरची सायकल आहे तर उतरता कशाला.

माझं वजन ६८ किलो, सायकल १४, पाठीवर पाणी-पंप-ट्यूब मिळून ४. एकूण ८६. पुढे २२ दात्यांची चकती, मागे ३४ ची, हा सगळ्यात हलका गिअर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.४ मीटर सरकते. मिनिटाला पन्नास फेरे मारले तर ७० मीटर, म्हणजे ताशी सव्वाचार किलोमीटर. शंभर मीटरला पंधरा मीटर चढ असेल तर एवढ्यासाठी दीडशे वॅट लागतात. ते मी तासभर देऊ शकतो. शंभराला पंचवीस चढ झाला की अडीचशेच्या जवळ जातं. ते तीन-चार मिनिटं. फेरे कमी करून वेग उतरवावा तर तोल जातो. आणि पंचवीसच्या पुढे ताकदीचा प्रश्नच राहत नाही. अंग मागे ठेवलं तर पुढचं चाक उचलतं, अंग पुढे टाकलं तर मागचं चाक घसरतं. या दोन्हींच्या मधली जागा गोट्यांच्या वाटेवर फार अरुंद आहे.

ताशी सव्वाचार हा माणसाच्या चालण्याचाच वेग आहे. तेव्हा तिथे उतरण्यात वेळही जात नाही.

*

क्रियापदं वेगळी लिहून पाहिली.

ढकलणं: दोन्ही हात हँडलवर, सायकल शेजारी. वीसेक टक्क्यांपर्यंत चालतं.

रेटणं: एक हात हँडलवर, दुसरा सीटच्या मागे. सायकल अर्धं पाऊल पुढे, आपण वाकलेले.

चढवणं: हे मला सगळ्यात उशिरा जमलं. सायकल हात ताठ होईपर्यंत वर सरकवायची, दोन्ही ब्रेक घट्ट दाबायचे, की ती दगडाला चिकटून उभी राहते. मग तिच्याच आधाराने आपण वर पाऊल टाकायचं. ब्रेक सोडायचा, पुन्हा सरकवायची. ढकल, ब्रेक, पाऊल. ढकल, ब्रेक, पाऊल. वीस-पंचवीस वेळा झालं की त्याला लय येते आणि श्वास त्या लयीत बसतो.

उचलणं: गुडघ्याच्या वर जाणारा धोंडा आला की.

वाहणं: फ्रेमचा वरचा दांडा उजव्या खांद्यावर, हात खालून घालून हँडल धरायचं, चेन बाहेरच्या अंगाला. दांड्याखालच्या तिकोनात बाटली लावलेली असेल तर खांदा आत शिरत नाही; बाटली आधी पिशवीत टाकावी लागते. खडा चढ लांब असला तर सायकल मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी घेतो. मग श्वास मोकळा राहतो, पण बाभळीची फांदी खाली आली की चाक अडकतं.

आडव्या उतारावरच्या चिंचोळ्या वाटेला सायकल नेहमी दरीच्या अंगाला, मी डोंगराच्या अंगाला. गेलीच तर तिला जाऊ देता आली पाहिजे.

*

ढकलत असताना मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिकत राहतं. खांद्यावर घेतली की ती टिकटिक बंद होते, आणि मग जंगल ऐकू येतं. ही शांतता मला आवडते, पण ती धोक्याची आहे. या डोंगरात अस्वल आहे, रानगवा आहे, आणि मेळघाट हा १९७३-७४ साली देशात पहिल्यांदा घोषित झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. अस्वलाला अचानक सामोरं जाणं सगळ्यात वाईट. म्हणून वळणावर सायकलची घंटी वाजवतो. खांद्यावर सायकल, आणि हात वर करून घंटी. भाचा सोबत होता तेव्हा त्याला मी तेवढंच काम दिलं होतं.

*

खांद्यावर सायकल घेण्याची माझी पहिली वेळ डोंगरावरची नव्हे. ती दर्यापूर तालुक्यातल्या तव्यासारख्या सपाट रानातली.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही तीरांना अकोला-अमरावतीची शेकडो गावं अशी, की विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, जीभ आतून सुकल्यासारखी वाटते. गोडं पाणी लांबून आणायचं. ज्यांच्याकडे बैलगाडी ते टाकी भरून आणत. आमच्याकडे सायकल होती. काळी, जड, मागे लोखंडी कॅरिअर. त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे डबे दोरीने बांधायचे. चाळीस किलो पाणी, वीसेक किलो सायकल. बाबा रिकामी सायकल चालवत नेत आणि भरलेली चालत आणत.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एकदा भरल्या सायकलवर बसायला गेलो आणि डब्यांसकट आडवा झालो. निम्मं पाणी मातीत गेलं. बाबा रागावले नाहीत. राहिलेलं पाणी एका डब्यात केलं, तो डबा मधे बांधला आणि म्हणाले, “भरल्या सायकलवर बसत नसते बाबू. तिच्या संगं चालत असते.”

मग पावसाळा. काळ्या मातीचा गारा चाकाला लागतो आणि मडगार्डमध्ये भरत जातो. शंभर पावलं झाली की चाक फिरायचंच थांबतं. बाभळीच्या काडीने तो गारा काढायचा, पुन्हा पन्नास पावलं, पुन्हा काडी. शेवटी डबे काठावर ठेवायचे, सायकल खांद्यावर घेऊन घट्ट जमिनीवर नेऊन ठेवायची आणि परत येऊन डबे न्यायचे. सायकल माणसाला नेते तसं माणूसही सायकलला नेतो, यात आमच्या घरी कुणाला काही नवल वाटत नव्हतं. नवल मला शहरात गेल्यावर दिसलं, लोकांच्या चेहऱ्यावर.

*

चिखलदऱ्याच्या नावात चिखल आहे, पण लोक सांगतात ती गोष्ट कीचकाची. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकला. कीचकदरा, त्याचं चिखलदरा. भीमकुंड दाखवतात, तिथे भीमाने हात धुतले म्हणे. एवढ्या मोठ्या देहाचं ओझं दरीपर्यंत कुणी कसं नेलं असेल, हा प्रश्न त्या गोष्टीत कुणी विचारत नाही. मला आता तोच पडतो.

*

दुसऱ्या खेपेची नोंद, विसरू नये म्हणून.

चौथ्या भिंतीखाली एक कोरकू बाई मोळी टेकवून उभी होती. टेकवायला छातीएवढा धोंडा. त्याचा माथा गुळगुळीत झालेला, उन्हात चमकत होता. किती मोळ्या टेकल्या असतील त्याच्यावर. मी धापा टाकत पोचलो, सायकल उतरवली, खांदा चोळू लागलो. तिने सायकलकडे पाहिलं नाही, खांद्याकडे पाहिलं. मग आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून दाखवली आणि म्हणाली, “कपडा रखो भैया, लोहा हड्डी को लगता है.”

माझ्या गळ्यात दुपट्टा होता. मी दोन वर्षं खांदे काळेनिळे करून घेत होतो आणि दुपट्टा गळ्यातच होता. तिने त्याची गुंडाळी करून दांड्याखाली नेमकी कुठे ठेवायची ते बोटाने दाखवलं: हाडावर नाही, हाड आणि मानेच्या मधल्या मांसावर. नंतर तिने मोळी घेतली. खाली बसून नाही, वाकूनही नाही. धोंड्यावरूनच डोकं मोळीखाली सरकवून, पाय फाकवून, एका दमात. आणि उतरू लागली. छोटी छोटी पावलं, गुडघे जरा वाकलेले, नजर तीन पावलं पुढे. कुठे दगड हलेल ते तिला पाय ठेवायच्या आधी कळत होतं.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी आणि हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. आमच्यात हिंदीचीच दोन-चार वाक्यं झाली. पण ओझ्याबद्दल मला आजवर कुणी इतकं नेमकं शिकवलेलं नाही.

तेव्हापासून त्या धोंड्यापाशी मीही थांबतो. त्याच्यावर सायकलचा दांडा बरोबर टेकतो.

*

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाबद्दल.

किल्ला नेहमी भिंतींच्या बाजूने सांगितला जातो. बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधला, मग इमादशाही, निजाम, नागपूरकर भोसले. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हल्ला करून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड रघुजी भोसल्यांच्या हातून गेला. शाळेच्या पुस्तकात एवढं एक वाक्य होतं.

पण ते वाक्य ज्या पाच दिवसांवर उभं आहे, ते दिवस ओझ्याचे आहेत. दक्षिणेकडून किल्ल्यावर जड तोफा चढवणं शक्य नव्हतं. ज्याने तो कडा खालून पाहिला त्याला हे सांगावं लागत नाही. म्हणून ७ डिसेंबरला कर्नल स्टीव्हन्सनची फौज अचलपुरातून निघाली आणि डोंगरात शिरून, वळसा घालून, किल्ल्याच्या उत्तरेला लबाडा नावाच्या ठिकाणी गेली. वाटेतल्या गावाचं नाव इंग्रजी कागदांत दामरगाव असं येतं. मी ते धामणगाव समजतो. वाट सुमारे तीस मैलांची, आणि वाट म्हणायची तरी कशी, कारण ती आधी नव्हतीच. शिपायांनी दगड फोडून, ओढे भरून ती केली आणि मग तिच्यावरून तोफा हातांनी ओढल्या. बैल निकामी होतात अशा चढाला दोर आणि माणसं. वेलस्लीने गव्हर्नर जनरलला पाठवलेल्या अहवालात हे मान्य केलं आहे, आणि असे श्रम आपण याआधी कधी पाहिले नव्हते अशा अर्थाचं लिहिलं आहे. १२ तारखेला फौज पोचली. त्याच रात्री मोर्चे उभे राहिले. त्यांत दोन अठरा पौंडी लोखंडी तोफा होत्या. अठरा पौंड हे गोळ्याचं वजन; तोफ स्वतः दोन टनांच्या घरातली. तीन दिवसांत तटाला खिंडार पडलं.

मी १४ किलोची सायकल घेऊन अर्धा दिवस चढतो आणि रात्री झोपेत पाय वळतात. दोन टन, पाच दिवस.

ती माणसं कोण होती? स्टीव्हन्सनकडे हैदराबादच्या तैनाती फौजेची पलटण होती. म्हणजे बहुतेक दक्षिणेतले शिपाई, सोबत पायोनिअर, बिगारी, बैलवाले. गाविलगडाच्या लढाईत आतल्या तटावर शिडी लावून चढलेल्या कॅप्टन कॅम्बेलचं नाव आजही छापलं जातं. दोराला खांदा लावलेल्यांपैकी एकाचंही नाव कागदात नाही. मला हे खटकतं, आणि दर डिसेंबरात जास्त खटकतं. लढाई खिंडारात झाली, पण किल्ला पडला तो त्या वाटेवर. माझं हे मत इतिहासकाराचं नाही, ढकलणाऱ्याचं आहे.

*

किल्ल्यात सायकल नेली नाही. नाक्याजवळ झाडाला टेकवून ठेवली, चालत आत गेलो. दारं अजून उभी आहेत, गंडभेरुंड कोरलेले आहेत, एकेका कमानीखाली हात ठेवला की दगड थंडगार. १८५८ मध्ये इंग्रजांनी तट पाडले. तात्या टोपे इकडे येईल अशी भीती होती. पाडलेल्या दगडांवर गवत कमरेएवढं.

उत्तरेच्या तटावर उभा राहून समोरच्या पठाराकडे पाहिलं. मोर्चे तिकडे कुठेतरी होते. त्या पठाराला यायची वाट मात्र इथून दिसत नाही. झाडीने घेतली.

*

‘वाहणे’ हा शब्द किती कामं करतो!

नदी वाहते. ओझं वाहतात. देवाला फूल वाहतात. आमच्याकडे शेत वाहतात, म्हणजे नांगरतात, कसतात. सात-बारावरची वाहितीची जमीन ती तीच. आणि ज्या रस्त्यावर येणं-जाणं चालू आहे तो वाहता रस्ता. वाट वाहती असली की तिच्यावर गवत उगवत नाही. वाहती राहिली नाही तर दोन पावसाळ्यांत घाणेरीने बुजते. कोर्टातसुद्धा वाटेचा हक्क कागदापेक्षा वहिवाटीने सिद्ध होतो: किती वर्षं तुम्ही इथून गेलात, गुरं नेलीत, गाडी नेलीत.

तोफांची वाट बुजली, मोळ्यांची वाहती आहे.

*

एक परदेशातली हकिगत, भाच्याला सांगितलेली. १९१३ ची तूर द फ्रान्स. युजीन क्रिस्तॉफ नावाचा सायकलपटू पिरेनीज पर्वतातला तूर्मालेचा घाट उतरत होता आणि पुढच्या चाकाचा फोर्क तुटला. नियम असा की बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरहून जास्त घाट पायी उतरून सेंत-मारी-द-कांपां गावातल्या लोहाराच्या भट्टीवर पोचला. तिथे स्वतःच्या हाताने लोखंड तापवून, ठोकून फोर्क जोडला. काही तास गेले. पंच बाजूला उभे राहून पाहत होते. भात्याला हवा मारायला एका पोराने हात लावला, तेवढ्यासाठी त्याला वेळेचा दंड झाला. तो पुन्हा सायकलवर बसला आणि शर्यत पुरी केली.

भाच्याने विचारलं, “मामा, भात्यावाल्या पोराचं नाव काय होतं?”

चांगला प्रश्न विचारला त्याने.

*

किरकोळ:

– टणक तळव्याचे, पायडलला अडकणारे सायकलचे बूट या वाटेवर घालू नयेत. काळ्या दगडावर ते साबणासारखे घसरतात. साधे रबरी तळव्याचे बरे.

– पायडल नडगीला लागतं. प्रत्येक वेळी, त्याच जागी. ढकलताना आतल्या बाजूचं पायडल खाली-मागे फिरवून ठेवलं की कमी लागतं.

– पाणी तीन लिटर. वर पहिला हातपंप लागेपर्यंत काही नाही.

– नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धुकं आणि शेवाळ. दगड दिसतच नाही. मे महिन्यात दगड तापतो, हात टेकवत नाही.

– उतरताना घाई नको. चढताना जिथे खांद्यावर घेतली तिथे उतरताना बसायचा मोह होतो. मी बसतो, पण सातपैकी तीनच पायऱ्यांवर.

*

आजची शेवटची भिंत. सर्वांत उंच, मोजली तर चाळीसेक मीटर, पण वाट तीत नागमोडी कोरल्यासारखी. दुपट्ट्याची चुंबळ खांद्यावर, सायकल तिच्यावर. पहिल्या खेपेला इथे अकरा वेळा थांबलो होतो. आज तीनदा. ताकद वाढली असं नाही. पाऊल छोटं झालं आणि थांबायच्या जागा कळल्या. थांबायचं चढाच्या आधी, चढात नाही. ही गोष्ट त्या बाईने सांगितली नव्हती, तिच्या चालण्यात दिसली.

वर आलो तर एकदम उजेड, सपाटी, वाऱ्याला गहू-स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतल्या ओल्या मातीचा वास. सायकल खाली ठेवली. खांदा हलका झाल्यावर काही पावलं अंग आपोआप डावीकडे झुकत राहिलं. फ्रीव्हील पुन्हा टिकटिकलं. बसलो आणि पायडल मारलं; इतक्या वेळानंतर सायकलने मला नेलं तेव्हा, दर वेळी वाटतं तसंच, वाटलं की कुणीतरी मागून हात लावतंय.

*

दुपारी देवी पॉइंट. कड्याखाली खडकात देवी, वरून पाणी झिरपतं. इथून चंद्रभागा निघते. डिसेंबरात धार बारीक असते, करंगळीएवढी. ती डोंगर उतरते, सपाटीला लागते आणि दर्यापूर-बनोसाच्या मधून जाऊन पूर्णेला मिळते. आमच्या गावच्या लोकांनी दशमीला, अमावस्येला, अंत्यविधीला जी नदी पाहिली ती हीच. खाली तिचं पात्र उन्हाळ्यात वाळूचं असतं. लहानपणी मला कधी कळलं नाही की ती वर इथे अशी, थेंबाथेंबाने सुरू होते.

आता गावाला नळ आहे. याच डोंगरातून येणाऱ्या शहानूर नदीवर धरण झालं आणि तिथून नळाने गोडं पाणी खारपाणपट्ट्यातल्या गावांना येतं. जेव्हा येतं तेव्हा. बाबांची काळी सायकल गोठ्याच्या भिंतीला उभी आहे, कॅरिअरवर डब्यांच्या दोरीचे घासलेले चरे आहेत. कुणी विकत घ्यायला आलं तर बाबा ती देत नाहीत.

रेंज आली म्हणून फोन लावला.

“कुठी हायेस?”

“चिखलदऱ्यात. देवी पॉइंटले. चंद्रभागा जिथून निंघते तठी.”

“सायकल घेऊन?”

“हो.”

“चालवत गेला?”

“अर्धी. अर्धी खांद्यावर.”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली. खडकातून थेंब पडत होते. मी ओंजळ धरली.

“पानी गोड हाय का तठचं?” बाबांनी विचारलं.